चढावर टकटक करणारी जुनी बुलेट: इंजिन उघडायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा. १९९४ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिनाची. वडिलांची गाडी सात वर्षं अंगणात पत्र्याखाली उभी होती. दोन महिन्यांपूर्वी कार्बोरेटर साफ केला, बॅटरी बदलली, तेल टाकलं आणि गाडी सुरू झाली. थंड असताना आवाज ठीक असतो. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर इंजिनातून टकटक सुरू होते, साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना ती फार वाढते आणि उताराला लागलं की गायब होते. मिस्त्रींनी पाच मिनिटं ऐकून सांगितलं, 'क्रँक गेली, फुल इंजिन करावं लागेल.' सोबत मोबाइलवर केलेलं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं आहे. खरंच क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा, गेली का?

गेली असेलही. पण तुमच्या चार ओळींत मला त्याच्या विरुद्ध जाणारा एक शब्द दिसतो, तो म्हणजे 'गायब'. त्याकडे येतोच. आधी रेकॉर्डिंगचं सांगतो. ते मी तीनदा ऐकलं आणि बाजूला ठेवलं. मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनलेला असतो. खालच्या पट्टीतला जड ठोका तो जवळजवळ गिळून टाकतो आणि टॅपेटची (वाल्व्ह उघडणाऱ्या भागांची) बारीक टिकटिक मोठी करून ऐकवतो. अशा रेकॉर्डिंगवर क्रँकचा निकाल देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तुम्ही स्वतः गाडीशेजारी उकिडवे बसून जे ऐकाल, ते माझ्या कानापेक्षा जास्त भरवशाचं आहे.

सगळ्यात पहिलं काम तेलाचं आहे, आणि ते होईपर्यंत कृपया घाटात जाऊ नका. या इंजिनाच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, मूळचं रोलर बेअरिंग नसतं, तरंगता बुश (धातूची सुटी कडी) असतो. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये तो मोकळा फिरतो आणि तेलाच्या पापुद्र्यावर जगतो. रोलर बेअरिंग तेल कमी पडलं तरी थोडा वेळ कळ काढतं, बुश काढत नाही. तेल फिरवणारे दोन छोटे पंप टायमिंग कव्हरमध्ये असतात आणि क्रँकच्या टोकाला बसवलेल्या वर्ममुळे (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरमुळे) चालतात. सात वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत तेलवाटेत काय साचलंय, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या तेलाचा डिंक होतो. कव्हरमधला नमद्याचा फिल्टर फुगून, चिकटून बसतो. कधी मागच्या मिस्त्रीने फिल्टरची स्प्रिंग किंवा वॉशर परत बसवलेलीच नसते.

तुम्ही 'तेल टाकलं' असं लिहिलंय, 'बदललं' असं नाही. इथे एक जुनी गफलत होते. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात असते. गाडी बरेच महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँककेसच्या पोटात उतरतं. मग डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस लिटरभर नवं तेल ओततो आणि इंजिनात गरजेपेक्षा जास्त तेल होतं, त्यातही अर्धं सात वर्षांचं शिळं. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर आला असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल थुंकलं गेलं असेल तर हेच झालंय असं समजा. बुडाचे ड्रेन प्लग काढून टाकी आणि क्रँककेस दोन्ही रिकामी करा. फिल्टर नवा घाला. २०डब्ल्यू५० तेल भरा, साधारण सव्वादोन लिटर बसतं.

निघालेलं तेल फेकू नका. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटात पसरून उन्हात धरा आणि त्यातून एक चुंबक फिरवा. तळाशी काळा गाळ असणारच, त्याने घाबरायचं कारण नाही. चुंबकाला चिकटणारी बारीक राख थोडी असतेच, पण कडक तुकडे चिकटले तर गिअर किंवा कॅमकडे बघावं लागेल. सोनेरी चमकी म्हणजे गनमेटलचे बुश, बहुतेक वेळा स्मॉल एंडचा (रॉडच्या पिस्टनकडच्या टोकाचा) किंवा कॅमचा. न चिकटणारे मऊ रुपेरी पापुद्रे दिसले, तर ते पिस्टनचे असोत की बिग एंडच्या बुशचे, बातमी वाईट आहे. मग पुढच्या सगळ्या चाचण्या सोडून सरळ शेवटच्या भागाकडे या. जुना फिल्टर ब्लेडने उभा चिरून त्याच्या घड्याही पाहा. ताटातून जे निसटतं ते तिथे सापडतं.

नवं तेल भरून इंजिन सुरू केलं की हेडकडे जाणारे जे दोन बारीक पाइप आहेत, त्यांचा वरचा बोल्ट अर्धा आटा सैल करा. तेल झिरपायला लागलं पाहिजे. लगेच नाही येत, थोडा धीर धरा. पण मिनिटभर स्लोवर (ॲक्सिलेटर न पिळता) चालवूनही बोल्ट कोरडाच राहिला तर इंजिन बंद करा, टायमिंग कव्हर उघडा, पंप आणि वर्म पाहा. तो वर्म उलट्या आट्याचा असतो, हे तुमच्या मिस्त्रींना माहीत असेलच. माहीत नसेल तर त्यांच्याकडून हे काम करून घेऊ नका.

आता तो 'गायब' शब्द. घाटात ॲक्सिलेटर पिळलेला असतो, इंजिन गरम असतं, फिरण्याचा वेग कमी असतो. उतारावर ॲक्सिलेटर बंद असतो, सिलिंडरमध्ये जवळजवळ काही जळतच नाही. जो आवाज ॲक्सिलेटर बंद करताच पूर्ण नाहीसा होतो, तो बहुधा जळण्यातून येतोय, झिजलेल्या लोखंडातून नाही. बिग एंड खरंच ढिला असेल तर तो उतारावरही अधूनमधून आपली ओळख देतो. ॲक्सिलेटर बंद-चालू करताना, म्हणजे रॉडवरचा जोर ओढीकडून ढकलण्याकडे पलटतो त्या क्षणी, एखाददुसरा ठोका येतोच. तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के खरं असेल तर माझा पहिला संशय इग्निशनच्या टायमिंगवर आहे. ठिणगी लवकर पडतेय, मिश्रण पिस्टन वर पोचायच्या आत भडकतंय आणि तुम्हाला टकटक ऐकू येतेय. मिस्त्री लोक याला नुसतं 'नॉकिंग' म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो, कारण बिग एंडच्या ठोक्यालाही ते नॉकिंगच म्हणतात.

या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, बरंच कमी आहे. इतक्या कमी कॉम्प्रेशनचं इंजिन आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर नॉक करायला नको. करत असेल तर टायमिंग पुढे गेलंय किंवा हेडमध्ये कार्बन साचलाय. उभ्या राहिलेल्या गाडीत टायमिंग पुढे जायचं एक ठरलेलं कारण असतं. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या, खाली ॲडव्हान्स युनिट असतं, त्यात दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. गंज धरला किंवा स्प्रिंग तुटली की वजनं बाहेरच अडकून राहतात. मग चढावर, कमी वेगात, जिथे ठिणगी उशिरा हवी तिथेही ती लवकर पडते. गरम झाल्यावर का वाढतं तेही यात बसतं, कारण तापलेल्या डोक्यात मिश्रण आणखी लवकर भडकतं.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. पॉइंटचं झाकण काढा. मधला कॅम बोटाने, तो जिकडे फिरतो त्या दिशेला, थोडा पिळा आणि सोडा. झटकन मागे आला पाहिजे. रेंगाळला, अर्ध्यात थांबला किंवा पिळताच आला नाही, तर चोर सापडला. युनिट काढून रॉकेलमध्ये धुवा, खिळीवर थेंबभर तेल द्या, स्प्रिंगा बदला. मग पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा आणि टायमिंग पुन्हा लावा. ॲडव्हान्स युनिट मिटलेलं असताना, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला सुरुवात व्हावी. गॅप आधी, टायमिंग नंतर. उलट केलंत तर गॅप लावताना टायमिंग परत सरकतं.

झाकणही काढायचं नसेल तर रस्त्यावर एक खूण पाहता येते. चढावर चौथ्या गिअरमध्ये टकटक सुरू झाली की त्याच वेगात तिसरा टाका. इंजिन मोकळं फिरायला लागल्यावर आवाज विरला तर जळण्याचा प्रश्न. तोच आवाज नुसता जास्त भराभर यायला लागला तर लोखंडाचा.

बुलेटची एक सोय दुसऱ्या कुठल्या गाडीत क्वचितच मिळते. हिचा स्लो इतका सावकाश ठेवता येतो की सायलेन्सरचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील, ही मंडळी घाई करत नाहीत. स्लो आणखी उतरवा, डोळे मिटा आणि सायलेन्सरच्या एका 'डग्‌'बरोबर तो दुसरा आवाज किती वेळा येतो ते मोजा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन वेळा फिरते तेव्हा सायलेन्सर एकदा बोलतो. टॅपेट, रॉकर, कॅम हेही दोन फेऱ्यांत एकदाच बोलतात. पिस्टनचा खडखडाट किंवा क्रँकवर बसवलेल्या एखाद्या सैल वस्तूचा आवाज मात्र एका 'डग्‌'ला दोनदा येऊ शकतो. बिग एंड इथे फसवतो. तो प्रत्येक फेरीत ठोकू शकतो, पण मोठा ठोका जळण्याच्या धक्क्याबरोबरच असल्यामुळे कान एकच मोजतो. म्हणून या मोजणीने टॅपेट पकडता येतो, क्रँक सोडवता येत नाही.

मोजून झालं की लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. रॉकरची झाकणं, सिलिंडरचा मध्य, टायमिंग कव्हर, डावीकडचं प्रायमरी कव्हर (क्रँककडून क्लचकडे जाणारी चेन झाकणारं) आणि क्रँककेसचं पोट अशा पाच जागा ऐका. आवाज धातूतून सगळीकडे पळतो, त्यामुळे 'इथे ऐकू येतोय' याला अर्थ नाही. 'इथे सगळ्यात टोकदार कुठे' एवढंच पाहायचं. आणि चावी बंद केल्यावर इंजिन जे तीन-चार गिरक्या घेत थांबतं, तेव्हा कान तिथेच ठेवा. ठिणगी नसतानाही आवाज टिकला तर तो यांत्रिक आहे.

डावीकडच्या कव्हरवर मी इतका जोर का देतोय, त्यामागे माझी एक फजिती आहे. गॅरेज टाकून पाचेक वर्षं झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचे दिवस. एक बुलेट आली, खालून जड 'ठक ठक', तुमच्या मिस्त्रींसारखंच मी पाच मिनिटांत 'क्रँक' म्हणालो. गिऱ्हाईक भला माणूस, हो म्हणाला. इंजिन उतरवलं, फोडलं, क्रँक प्रेसवर घेतली. बुश नवाकोरा. रॉडला वर-खाली केसभरही खेळ नाही. आता उघडलंच आहे म्हणून तरीही नवा बुश घातला, सगळं जोडलं, किक मारली. ठक, ठक, ठक. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी प्रायमरी कव्हर काढलं. क्रँकच्या डाव्या टोकावर आल्टरनेटरचा रोटर बसलेला असतो. त्याचा नट ढिला आणि चावीचा (रोटर क्रँकवर जागी धरणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याचा) खाचा झिजलेला. रोटर प्रत्येक धक्क्याला पुढे-मागे आपटत होता. जोडताना मी नट नीट न तपासता परत लावला होता आणि ती चावी बघितलीच नव्हती. मजुरी घेतली नाही, पण त्या माणसाचे पार्टचे पैसे गेले ते गेलेच.

रोटरचा आवाज आणि बिग एंडचा आवाज यांत कान फसतो, अगदी मुरलेल्यांचाही. फरक इतकाच की रोटर पाहायला प्रायमरी कव्हरचा एक मोठा नट काढावा लागतो आणि बिग एंड पाहायला निदान हेड आणि ब्लॉक उतरवावे लागतात. कव्हर काढताना आतलं तेल खाली भांड्यात धरा. रोटर दोन्ही हातांनी धरून पिळून पाहा. जराही हलता कामा नये. स्टेटरला (रोटरभोवतीच्या स्थिर कॉइलला) घासल्याच्या चमकदार रेघा आहेत का तेही बघा. तिथेच प्रायमरी चेन दिसेल. तिचा खेळ वर-खाली साधारण ६ मिलिमीटर असावा, आणि एकाच जागी न मोजता चाक फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असते. ढिली चेन कव्हरला आतून मारते, तो आवाज स्लोवर खडखड असा येतो आणि क्लच दाबला की बऱ्याचदा बदलतो. कुणी सुचवेल की चेन काढून इंजिन चालवून बघा. या गाडीत किक त्याच चेनमधून क्रँकपर्यंत पोचते, त्यामुळे तो प्रयोग डोक्यातून काढा.

टॅपेटबद्दल थोडक्यात, कारण तुमचा आवाज तो नसावा. टॅपेटची टिकटिक थंड असतानाही असते आणि चढ-उताराचा तिला फारसा फरक पडत नाही. पण गाडी उघडताच आहात तर लावून घ्या. सिलिंडरच्या उजवीकडचं झाकण काढा, इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरावेत, पण वर-खाली हलू नयेत. एवढंच माप, फीलर गेज लागत नाही. पाने इंची लागतात, मिलिमीटरचे पाने घालून नटाचे कोपरे खाऊ नका. गरम झाल्यावर थोडी टिकटिक राहील, राहू द्या. मधल्या यूसीई इंजिनाच्या बुलेटमध्ये आपोआप खेळ भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट असल्यामुळे लोकांच्या कानांना शांततेची सवय झाली आहे, मग ते जुनीलाही गप्प करायला सांगतात आणि मिस्त्री टॅपेट आवळून देतो. आवळलेला टॅपेट आवाज करत नाही, वाल्व्ह जाळतो. आवाज दाबण्यासाठी इंजिनात गिअरचं जाड ९० नंबर तेल ओतणं हेही त्याच जातीचं शहाणपण.

दोन किरकोळ गोष्टी. सायलेन्सरचा पाइप हेडमध्ये नुसता सरकवून बसवलेला असतो. तिथून फुंकर येत असली तरी चढावर चक्‌ चक्‌ असा आवाज होतो आणि तो थेट टॅपेटसारखा वाटतो. हेडजवळ काळी काजळी दिसली तर तेच. आणि डिकॉम्प्रेसरच्या (किक हलकी करणाऱ्या छोट्या वाल्व्हच्या) केबलला थोडा मोकळेपणा आहे ना ते बघा. ताणलेली केबल त्याचा वाल्व्ह किंचित उघडा ठेवते.

पिस्टनचा आवाज तुमच्या बाबतीत मी यादीत खाली ठेवतो. ढिला पिस्टन थंड असताना डबडब करतो आणि तापला की फुगून गप्प होतो, तुमचं नेमकं उलटं आहे. स्मॉल एंडची गोष्ट वेगळी. त्याचा आवाज टणक, जोडीने येणारा, हलक्या ॲक्सिलेटरवर स्पष्ट. तुम्ही वर्णन केलेला तो नाही.

हे सगळं करून, तेल चढतंय, ॲडव्हान्स युनिट मोकळं आहे, टायमिंग लागलंय, रोटर पक्का आहे, चेन ठीक आहे, आणि तरीही गरम इंजिन चढावर खालून जड ठोका देतंय, तर तुमचे मिस्त्री बरोबर होते. पण तेव्हाही 'फुल इंजिन'ला एकदम हो म्हणू नका. आधी फक्त हेड आणि ब्लॉक उतरवायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. पिस्टन काढायच्या आधी क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ कापड कोंबायला लावा, सर्क्लिप (पिस्टनची पिन धरून ठेवणारी छोटी कडी) आत पडला की खरोखरच फुल इंजिन होतं. पिस्टन वरच्या टोकाला आणून रॉड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढा-ढकला. बाजूला डुलतो तो खेळ मोजू नका, तो असायलाच हवा, आणि नेमका तोच हलवून दाखवून पुष्कळ क्रँका विकल्या गेल्या आहेत. वर-खाली 'टक्‌' असं हाताला जाणवलं, तरच बिग एंड गेला.

गेला असेल तर पुन्हा मूळचा बुश घालायचा की रोलरचा रॉड किट, हा निर्णय क्रँक जोडणाऱ्या माणसावर सोडा. मी कोल्हापुरात उद्यमनगरातून करून घेतो, तिथे क्रँक सेंटरवर चढवून डायल लावून सरळ करणारे हात अजून आहेत. साताऱ्यात असा माणूस शोधा. डायल न लावता हातोडीने 'सरळ' केलेली क्रँक नवा बुशही टिकू देत नाही. आणि ब्लॉक उतरवलाच आहे तर बोअर मोजून घ्या, पण तो मापात असेल तर केवळ उघडलंय म्हणून पुढच्या साइजचा बोअर करू नका. स्टँडर्डवर असलेला जुना ब्लॉक आता सहज मिळत नाही.

माझ्या अंदाजाने तुम्ही तिथपर्यंत जाणारच नाही. रविवारी सकाळी तेल आणि पॉइंटचं झाकण, एवढ्यापासून सुरुवात करा. कॅम पिळून सोडल्यावर मागे येतो की नाही, आणि ताटात काय चमकतंय, एवढ्या दोन गोष्टी कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.